पान एकशे त्रेचाळीस

ती. मामंजी,

नमस्कार करते. ‘शिरसाष्टांग’ मुद्दामच लिहिलं नाही. तुम्ही म्हणाला असता, अर्धी ओळ त्यातच गेली, सूनबाई, विचारायचं ते विचारा. आपल्या वहीत आता आठच पानं उरली आहेत, तेव्हा मीही बारीक अक्षरात आणि जपून लिहिते आहे.

हो, तीच वही. दौलतगंजातल्या जिल्दसाजाकडून तुम्ही शिवून आणलेली, लाल कापडी पाठीची. तुम्ही गेलात त्याला दुसरं वर्ष चालू आहे. तेव्हा तिची तीसेक पानं कोरी होती, ती मी पुरवून पुरवून वापरली. कधी एक ओळ, कधी अर्धीच. ‘आज मेथी कडू निघाली.’ ‘कुमुद सातवीत गेली.’ उत्तर येणार नाही हे काय मला कळत नव्हतं? पण लिहिल्यावाचून हाताला चैन पडत नसे. कुमुद परवा म्हणाली, “आई, तू परत त्या वहीत लिहून राहिलीस? आजोबा अब पढ़ेंगे क्या?” तुमची नात आता निम्मं वाक्य हिंदीतच बोलते. तुम्ही असता तर तिलाही लेखी विचारायला लावलं असतं.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात हे घरी आले आणि बदलीचा कागद माझ्यापुढे ठेवला. भोपाळ. नवं राज्य झालं, राजधानी तिकडे गेली, आणि आपल्या लश्कर शहरातलं एकेक खातं ट्रकात बसून तिकडे निघालं. आता आमची पाळी आली. पंधरा दिवसांत घर आवरायचं आहे. भांडी बांधून झाली, गाद्या बांधायच्या आहेत. वही कुठल्या पेटीत ठेवायची हा विचार करताना तुमची शिकवण आठवली. जुनी वही रीतसर बंद केल्याशिवाय नवी उघडायची नाही. पहिल्या पानापासून उलटायची, प्रत्येक पानाला आकडा घालायचा, कोरं राहिलंय का, फाटलंय का ते बघायचं, आणि शेवटच्या पानावर तसं लिहून खाली सही करायची. संस्थानच्या दफ्तरात तुम्ही जन्मभर हेच केलंत. मी म्हटलं, दोन दुपारींचं काम आहे.

ते करताना मला एका पानावर जे दिसलं, त्यासाठी हे पत्र आहे. पण एकदम तिथे येववत नाही मला. पहिल्या पानापासूनच येते.

पहिल्या पानावर तुमच्या हातचं आहे: ‘सूनबाईंना जे विचारणे असेल ते लेखी विचारावे. उत्तर लेखी मिळेल.’ केवढी हसले होते मी! सासूबाई गेल्या आणि वर्षभरात तुम्हाला ऐकू येईनासं झालं. हे तुमच्या कानाशी ओरडत, तेव्हा शेजारपाजाऱ्यांनाही कळे की आज बाबांना भात नको आहे. पण सुनेनं सासऱ्यावर ओरडायचं कसं? मी आपली हातवारे करायची. एकदा मी शिऱ्यासाठी हातानं कढई ढवळून दाखवली, आणि तुम्ही समजलात की मी जात्याला टाकी लावून घ्यायला सांगते आहे. टाकीवाल्याला बोलावूनही आणलंत. त्या संध्याकाळी तुम्ही दौलतगंजात गेलात आणि चार दिवसांनी ही वही घेऊन आलात.

‘भात वाढू?’ हा माझा पहिला प्रश्न. ‘वाढावा. थोडा.’ हे तुमचं पहिलं उत्तर. जेवता जेवता डावा हात लांब करून लिहिलेलं. त्यावर आमटीचा एक थेंब आहे, अजून पिवळा आहे.

मामंजी, मी नाशिकहून इथे आले तेव्हा सोळा वर्षांची होते. दारावरची भाजीवाली ‘तुरई’ म्हणून ओरडायची आणि मी दार लावून घ्यायची, कारण तुरई म्हणजे काय हे कोणाला विचारावं हेही मला ठाऊक नव्हतं. सासूबाई कामापुरतं बोलत. हे तर आधीच कमी बोलणारे. मी सात-आठ वर्षं या घरात वावरले, पण माझ्याशी बसून असं कोणी बोललं नाही. वही आली आणि मी हळूहळू सगळंच विचारायला लागले. ‘तुरई म्हणजे दोडका ना?’ ‘होय. पण आणू नये.’ ‘किल्ल्यावर पाणी कुठून येई?’ त्याला तर तुम्ही दोन पानं भरून उत्तर दिलंय, मध्ये तळ्याचं चित्र काढून. ‘मोडी अवघड असते का?’ ‘उद्या दुपारी बसावे.’

आणि आपण बसलो. आधी सबंध ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. टाक उचलायचा नाही. माझा टाक सारखा अडायचा आणि तुम्ही समासात लिहायचात, ‘घाई कोणास आहे?’ यांना वाटायचं, म्हातारपणी बाबांना काहीतरी विरंगुळा मिळाला. विरंगुळा कोणाचा होता, ते मलाच माहीत.

प्रत्येक पान भरलं की तुम्ही खाली उजव्या कोपऱ्यात मोडीत ‘पाहिले’ असं लिहायचात आणि त्याला एक लांब शेपूट काढायचात. दफ्तरात कागद तुमच्या नजरेखालून गेला की ही खूण करायची सवय. घरातल्या वहीत भात, दोडका आणि कुमुदचा खोकला, आणि खाली ही अशी सरकारी खूण. मी एकदा विचारलं, ‘हे कशासाठी?’ तुम्ही लिहिलंत: ‘मजकूर खरा आहे, मी वाचला आहे, याची ग्वाही. खोट्या कागदावर ही खूण मी कधी केली नाही.’ ते पान अठ्ठावीस. काल परत वाचलं.

आता टपालाचं लिहायला हवं.

संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत झाला, तेव्हा नव्या साहेबांनी तुम्हाला घरी बसवलं. मोडीचे कागद आता कोण विचारतो, असं काहीसं ते म्हणाले. पण तुम्ही निघताना एवढं बोलले होते की गरज पडली तर बोलावू. त्या एवढ्याशा बोलण्याला तुम्ही धरून बसलात. रोज अकरा वाजता पोस्टमन गल्लीतून गेला की तुम्ही वही पुढे ओढायचात. ‘टपाल?’ मी लिहायची, ‘नाही.’ पुढे पुढे कागद वाचवायला तुम्ही नुसतं ‘ट?’ लिहायला लागलात आणि मी नुसतं ‘ना’. सबंध वहीत ते पसरलं आहे. आकडे घालताना मला पानापानावर ते वाचावं लागलं. तुम्ही माझ्यावर कधी चिडला नाहीत, वही फेकली नाहीत. ‘ना’ वाचून चष्मा पुसायचात आणि म्हणायचात, “बरं.” तुम्हाला स्वतःलाच ऐकू न येणारं ते “बरं” फार मोठ्यानं यायचं.

आणि मग एके दिवशी टपाल आलं.

पोस्टमननं लांब पाकीट माझ्या हातात दिलं, त्या वेळी तुम्ही आंघोळीला गेला होतात. यांची सुट्टी होती, म्हणून ते घरात होते. त्यांनीच फोडलं. दफ्तरातलं पत्र, हिंदीत. जुने कागद भोपाळला हलवायचे आहेत, त्याआधी मोडीतले कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे हे वाचून सांगणारा जाणकार हवा आहे, आपण यावे. यांनी तेवढं मला वाचून दाखवलं आणि पत्राची घडी घातली. दोन महिन्यांपूर्वीच तुम्हाला छातीत कळ आली होती आणि कंपू भागातल्या डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलं होतं. दफ्तराच्या बेचाळीस पायऱ्या तुम्हीच आम्हाला मोजून सांगितलेल्या. हे म्हणाले, “बाबांना सांगू नकोस. सांगितलं तर उद्याच टोपी घालून निघतील. उगाच परेशानी नको.”

तुम्ही आंघोळीहून आलात. कपाळावर गंध ओलं होतं. वही ओढलीत. ‘ट?’

मी लिहिलं, ‘ना.’

मामंजी, यांनी सांगितलं म्हणून लिहिलं, असं आजवर मी स्वतःला सांगत आले. तुमच्या छातीला जपायला लिहिलं, असंही सांगून पाहिलं. दोन्ही खरं आहे, पण तेवढंच खरं असतं तर मला आज एवढं जड गेलं नसतं. तुम्ही विचारलं नव्हतं तरी आज सांगते. पत्रात आठवड्यातून तीन दिवस यावं असं होतं. तीन दिवस तुम्ही घरात नसणार, म्हणजे तीन दुपारी ही वही मिटलेली राहणार. पुन्हा मी, स्वयंपाकघर आणि दाराबाहेरची तुरई. हाताला टाक लागला तेव्हा माझ्या मनात आधी ते आलं, मग तुमची छाती. इतकी वर्षं ज्या बोलावण्याची तुम्ही वाट पाहिलीत, ते मी माझ्या तीन दुपारींसाठी दाबून ठेवलं. याला काय म्हणावं?

तुम्ही वाचलंत, चष्मा पुसलात, म्हणालात, “बरं.”

त्यानंतर आठवडाभरानं असेल, तुम्ही टपालाचं विचारणं थांबवलंत. एकदम. मला वाटलं, विसरलात. वय झालं. खरं सांगते, मला बरं वाटलं! रोज त्या अक्षरापुढे ‘ना’ लिहायचं टळलं. तुम्ही पोस्टमनच्या वेळेला खिडकीशी बसेनासे झालात, कुमुदच्या अभ्यासाकडे जास्त बघायला लागलात, मला मोडीतली लांब पत्रं उतरवायला देऊ लागलात. मी त्यात रमले. तुम्ही का बदललात, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. तरी एरवी मी दोडक्यापासून किल्ल्यापर्यंत सगळं विचारणारी.

माघात तुम्ही गेलात. तेराव्यानंतर मी कपाटातून ते पत्र काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. टाइप केलेल्या मजकुराखाली कोणीतरी हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘आपली तब्येत ठीक नसल्याचे कळले. वर यावे लागणार नाही. कागद खाली आणून देऊ, टांगा पाठवू.’ एवढंच. यांनी वरच्याच ओळी वाचल्या होत्या आणि मी तर तेवढ्याही नाही. बेचाळीस पायऱ्या तुम्हाला चढायच्याच नव्हत्या, मामंजी.

त्या दुपारी मी वही काढली आणि ते पान फाडायला घेतलं. शिवणीपाशी बोटभर फाटलंही. मग तुमचं वाक्य आठवलं. दफ्तरात एक नवा कारकून चुकलेलं पान फाडून मोकळा झाला होता, त्याची गोष्ट सांगताना तुम्ही लिहिलं होतंत: ‘चुकीच्या पानास माफी असते. फाडलेल्या पानास माफी कोणी द्यावी? पानच नाही.’ मी हात थांबवला. त्यानंतर ते पान मी परत उघडलं नाही. या मंगळवारी उघडलं, आकडा घालायला.

पान एकशे त्रेचाळीस.

पहिल्या पानापासून मी आकडा घालत आले, आणि आकडा घातला की नजर आपोआप खाली कोपऱ्यात जायची, ‘पाहिले’वर. एकशे बेचाळीस पानं ती खूण होती. एकशे चव्वेचाळीसवर होती, पंचेचाळीसवर, आणि पुढे तुम्ही अंथरुणाला खिळेपर्यंत सगळीकडे, शेवटी शेवटी शेपूट वाकडं गेलं तरी. फक्त एकशे त्रेचाळीसवर नाही. तिसऱ्या ओळीत ‘ट?’ आणि माझं ‘ना’, आणि खालचा उजवा कोपरा कोरा. मी पान उजेडाला धरून पाहिलं. पुसलेलंही नव्हतं. तुम्ही तिथे खूण केलीच नव्हती.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

मी यांना पान दाखवलं. त्यांना आधी कळेना. मग मी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि आधीची पानं उलटून दाखवली. यांनी टोपी काढून खुंटीला लावली, परत घातली, परत काढली. मग म्हणाले, “लिहायला मी सांगितलं होतं, मालती. तुझ्यावर नको घेऊस.” इतक्या वर्षांत यांनी मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, “अक्षर माझं आहे.”

दुसऱ्या दिवशी मी पत्र पदरात बांधून इंदरगंजात गेले, तुमच्या दफ्तरात. मनात एकच होतं. अजून ते कागद तिथे असतील तर म्हणावं, मोडी मला येते. मामंजींइतकी नाही, पण घाई कोणास आहे? मला वाचू द्या. जायच्या आधी उरलेले दिवस रोज येऊन बसते.

दफ्तर निम्मं रिकामं होतं. भिंतींवर कपाटं होती तेवढ्या जागी रंग उजळ राहिला होता. साहेबही नवे. तुमच्या वेळचा फक्त हरप्रसाद चपराशी दाराशी स्टुलावर बसला होता. मी नाव सांगितलं तर उठून उभा राहिला. पत्र वाचता येत नसलं तरी पाकीट त्यानं ओळखलं. म्हणाला, “बाईसाहब, ये तो हमने ही डाक में डाली थी।”

मी विचारलं, कागद आहेत का?

“सब गया, बाईसाहब। पढ़ने वाला कोई मिला नहीं। बोरों में भर के कुछ भोपाल भेजा, बाक़ी रद्दी में गया।” मग त्यानं पाकीट मला परत दिलं. “बाबूजी आ जाते तो बात और थी। पर वे भी क्या करते।”

मी म्हटलं, म्हणजे?

तेव्हा त्यानं सांगितलं. पत्र टाकल्यावर काही दिवसांनी तुम्ही त्याला इंदरगंजच्या चौकात भेटला होतात. त्यानं तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, “बाबूजी, चिट्ठी मिली? साहब रोज़ पूछते हैं।” चौकातले लोक वळून बघायला लागले. तो म्हणाला, तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात:

“हाँ भाई, मिली थी। बहू ने पूरी पढ़कर सुनाई। अब तबीयत साथ नहीं देती। साहब से मेरी माफ़ी कह देना।”

बहू ने पूरी पढ़कर सुनाई. मामंजी, तुम्ही असं का म्हणालात? एका शब्दात मला उघडं पाडता आलं असतं. निदान घरी येऊन वहीत एक ओळ लिहिता आली असती. मी उत्तर दिलं असतं, रडले असते, पाय धरले असते, आणि कागद तेव्हा अजून तिथेच होते. टांगा आला असता. तुम्ही मला ती संधीसुद्धा दिली नाहीत. एवढा राग आहे माझा तुमच्यावर, आणि तो कुठे ठेवू ते कळत नाही.

हरप्रसाद मग आठवून म्हणाला, त्या दिवशी तुम्ही तिथून तसेच गजकवाल्याकडे गेलात. थंडीचे दिवस होते, तीळगुळाची गजक नुकतीच यायला लागली होती.

मी घरी आले आणि पान एकशे चव्वेचाळीस उघडलं. मला माहीतच होतं, तरी उघडलं. पहिलीच ओळ तुमची: ‘गजक आणली आहे. कुमुदला द्यावी. सूनबाईंनीही खावी, नुसती वाढू नये.’ खाली मी लिहिलंय, ‘खाल्ली. फार छान आहे.’

खाल्ली होती मी. दोन तुकडे, तुमच्यासमोर उभी राहून. तुम्ही चौकातून ते ऐकून आला होतात, मन काय झालं असेल, आणि मी म्हणते, फार छान आहे. तुम्ही मान हलवलीत. मागचं पान त्याच दिवशी भरलं होतं. त्यावर खूण करायला तुम्ही टाक उचलला असेल आणि ठेवून दिला असेल. तोंडानं माझ्यासाठी एक खोटं बोललात, पण लेखी खोट्याला ग्वाही देणं तुमच्या हातून झालं नाही. जन्मभराची सवय ती. तेवढा एकच कोपरा कोरा ठेवलात, आणि मला तो दिसायला इतके दिवस लागले. रोज पान उलटणारी मी, पण रीतसर पाहिलं कधीच नव्हतं.

आता सांगा, मी काय करू? पोती गेली. तुमच्या हातून जे कागद वाचले जायचे होते, त्यांत कोणा वाण्यानं कसल्या पुड्या बांधल्या असतील? आजोबा-पणजोबांची अक्षरं, तहनामे, विहिरींचे वाद, कोणाकोणाच्या सुनांच्या तक्रारी. तुम्ही सांगायचात ना, सगळ्यांत मजेदार त्याच असतात. भोपाळात गेल्यावर मी विचारीन. सापडतील अशी आशा दाखवून मी तुम्हाला आता फसवत नाही. हरप्रसाद म्हणाला, रद्दीत बरंच गेलं.

काल मी दौलतगंजात जाऊन नवी वही आणली. जिल्दसाज तोच, केस मात्र सगळे पांढरे झाले आहेत. त्यानं विचारलं, “बाबूजी वाली जैसी ही?” मी म्हटलं, तशीच, तेवढीच पानं. म्हणाला, “सवाल-जवाब की?” मी मान हलवली. लाल कापड त्याच्याकडे नव्हतं, हिरवं लावलंय. तुम्हाला आवडलं नसतं. मलाही नाही आवडलं.

नवी वही कोणाशी बोलायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कुमुदला मोडी शिकवावी असं मनात आहे. काल तिला रेघ ओढून दाखवली तर म्हणाली, “आई, ये तो कपड़े सुखाने की रस्सी है!” पण रेघ सरळ ओढली तिनं. बघू.

जागा संपत आली. शेवटचं पान चालू आहे आणि त्यावर वही बंद करायच्या ओळींना जागा ठेवायला हवी.

एक वचन देते, मामंजी. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते दफ्तराचं पत्र उतरवणार आहे, तुम्हाला वाचायला सोयीचं म्हणून मोडीत. वरच्या ओळीपासून हातानं लिहिलेल्या शेवटच्या दोन ओळींपर्यंत, काही न गाळता. टाक उचलणार नाही. वर तारीख टाकीन ती ते आलं त्या दिवसाची. खाली उजवा कोपरा कोरा ठेवीन आणि तिथे कधी काही लिहिणार नाही, कोणाला लिहूही देणार नाही. आणि त्या वहीत कोणीही मला काहीही विचारलं, तर आहे ते उत्तर लिहीन. ते लिहून माझ्या दुपारी गेल्या तरी.

आता बंदी. तुम्ही शिकवली तशी.

ही वही आज बंद केली. पाने एकशे ब्याण्णव. कोरे एकही नाही. फाडलेले एकही नाही. बोटभर फाटलेले एक, पान एकशे त्रेचाळीस, माझ्या हातून. खोटे एक, तेच. त्या पानावर तिसऱ्या ओळीत ‘ना’ असे लिहिले आहे, तेथे ‘आले’ असे वाचावे.

सूनबाई